सात रुपयांचे ऋण : माझगावच्या चिनी देवळास भेट

आमच्या देवघरात, देवांच्या चौरंगाखालच्या कप्प्यात, तांबड्या कापडाची एक लहानशी पुरचुंडी पुष्कळ वर्षे होती. तीत सात रुपये होते. पाचाची एक नोट आणि एकेकाच्या दोन. आजीच्या हयातीत घरात कितीही ओढ असली तरी ते सात रुपये खर्चासाठी बाहेर निघाले नाहीत. ‘ते आपले नव्हेत, चिन्याचे आहेत,’ एवढेच ती सांगे.

हकीकत साधी आहे. आमचे घर हुबळीच्या दुर्गदबैलात. (हे नाव ऐकून मराठी मुलखातील पाहुणे हमखास बैलाची चौकशी करतात. कन्नडात ‘बयलु’ म्हणजे मोकळे मैदान आणि ‘दुर्गद’ म्हणजे किल्ल्याचे. बैलाचा काही संबंध नाही.) या बाजारपेठेत वर्षातून एकदोनदा एक चिनी फेरीवाला येई. सायकलीच्या मागे कापडाचा गठ्ठा, अंगात मळकट कोट, तोंडी मोडकी हिंदी. पायरीवर बसून तो रेशमाचे तागे उलगडी आणि घरातील बायका ते चुरगळून, उजेडाकडे धरून पाहात. १९६२ च्या दसऱ्याच्या सुमारास आजीने त्याच्याकडून आमच्या आत्याच्या परकरासाठी रेशीम घेतले. सात रुपये कमी पडले. ‘दिवाळीनंतर येतो, तेव्हा द्या,’ असे सांगून तो गेला. तो कोठला, असे विचारल्यावर त्याने ‘मुंबई, माझगाव’ असे सांगितल्याचे आजीच्या स्मरणात होते. त्याचे नाव मात्र कोणी विचारले नव्हते.

त्या वर्षी २० ऑक्टोबरला उत्तर सीमेवर युद्ध सुरू झाले आणि २६ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, शिमगाही आला. तो चिनी मात्र पुन्हा दुर्गदबैलात दिसला नाही.

आम्ही कायद्याची पदवी घेऊन आलो त्या वर्षी मोठ्या ऐटीत आजीस सांगितले की, विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. सबब हे ऋण मुदतबाह्य झाले आहे. आजीने शांतपणे विचारले, ‘म्हणजे त्याला मागता येत नाही, की मला देणे लागत नाही?’ हा प्रश्न आमच्या परीक्षेत आला असता तर आम्ही बरोबर उत्तर लिहिले असते. मुदतीच्या कायद्याने मागण्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. आजी लौकिक अर्थाने फारशी शिकलेली नव्हती. परंतु हा सिद्धांत तिला आमच्याआधी ठाऊक होता.

आजी गेली, पुरचुंडी मागे राहिली. गेल्या वर्षी एका अपिलाच्या कामासाठी मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही ती बॅगेत टाकली. धनको सापडणार नाही हे उघड होते. परंतु त्याचे लोक जेथे राहिले, जेथे त्यांनी देव ठेवला, ते ठिकाण तरी पाहावे असे मनाने घेतले. त्या भेटीचा आणि तिच्या अनुषंगाने आठवलेल्या इतिहासाचा हा वृत्तांत आहे.

उच्च न्यायालयातील काम दुपारी आटोपल्यावर आम्ही हार्बर मार्गाच्या गाडीने डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरलो. बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेले आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तेथे वाट पाहात होते. ‘वकीलसाहेब, कलकत्त्यासारखा चिनी मोहल्ला येथे आता दिसायचा नाही,’ त्यांनी प्रथमच बजावले. ‘गाव उठला आहे, देऊळ तेवढे राहिले आहे.’ ते खरेच होते. कलकत्त्यास तिरेट्टा बाजारात आणि टांगऱ्यात चिनी पाट्या, चिनी देवळे व चिनी माणसे आजही एकत्र पाहावयास मिळतात. मुंबईत मात्र माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर आणि पलीकडे कामाठीपुऱ्यालगतच्या शुक्लाजी रस्त्यावर जी वस्ती एके काळी होती, तिच्या खुणा शोधाव्या लागतात. जुनी झाडे, वखारी, गोदीच्या भिंती, मधूनच एखादे कौलारू घर. आणि या साऱ्यांत वाटसरूच्या सहज लक्षात न येणारी एक जुनी इमारत. तिचे नाव ‘सी यिप कून’.

या नावातच इतिहास आहे. ‘सी यिप’ म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमध्ये कँटनच्या नैर्ऋत्येस ताइशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई हे चार परगणे आहेत. तेथून निघालेली माणसे एकोणिसाव्या शतकात जगभर पसरली. ‘कून’ म्हणजे सभागृह. चार परगण्यांच्या लोकांनी परमुलखात बांधलेला हा मठ म्हणा, धर्मशाळा म्हणा, १९१९ साली उभा राहिला. मुंबई बंदरात उतरलेल्या चिनी खलाशास येथे अंग टाकण्यास जागा मिळे, गावाकडची भाषा कानी पडे आणि देवापुढे उदबत्ती लावता येई. आपल्या वाचकांस याची निराळी फोड करून सांगण्याचे कारण नाही. कोणत्याही क्षेत्रात आपल्या समाजाची धर्मशाळा कोठे आहे हे आधी विचारून मगच गाडीत बसणारे लोक आपण!

लाकडी जिना चढून गेल्यावर तांबडा रंग डोळ्यांत भरतो. तांबड्या भिंती, सोनेरी अक्षरे, पितळेची भांडी, धुपाचा दाट वास. इमारतीत दोन उपासना आहेत. खाली कुआन यिन ही करुणेची देवता, आणि वर कुआन कुंग हा मुख्य देव.

कुआन कुंग हा पुराणातला देव नव्हे. तो इतिहासातला माणूस. हान साम्राज्याचा अस्त होत असता चीनचे तीन तुकडे झाले, त्या धामधुमीतला हा सेनापती. दोघा सोबत्यांबरोबर त्याने बंधुत्वाची शपथ घेतली आणि प्रलोभने आली तरी ती मोडली नाही, अशी कथा आहे. इसवी सनाच्या २२० च्या सुमारास शत्रूच्या हाती सापडून त्याचा वध झाला. पुढे लोकांनी त्याची गाणी केली, चौदाव्या शतकापासून प्रसिद्ध असलेल्या ‘तीन राज्यांच्या’ कादंबरीने त्यास अजरामर केले आणि हळूहळू तो देव झाला. दिलेला शब्द पाळणारा म्हणून व्यापारी त्याची तसबीर दुकानात लावतात; हाँगकाँगात पोलीस त्याची पूजा करतात आणि पोलीस ज्यांच्या मागे असतात तेही करतात! कराराची अंमलबजावणी करून घेण्यात ज्याचा जन्म चालला आहे अशा आमच्यासारख्या माणसास हा देव जवळचा वाटला तर नवल नाही.

आम्ही गेलो तेव्हा एक वयस्कर चिनी बाई उदबत्त्या लावीत होत्या. आम्हांस पाहून त्यांनी स्वच्छ मुंबईच्या मराठीत विचारले, ‘काही विचारायचंय का देवाला?’ देवापुढे बांबूचे एक नळकांडे होते, त्यात अंक घातलेल्या काड्या. मनात प्रश्न धरून नळकांडे हलवावयाचे. एक काडी बाहेर पडली की तिच्या अंकाचे उत्तर पाहावयाचे. ‘एकच पडली पाहिजे. दोन पडल्या तर देवाला प्रश्न नीट कळला नाही, पुन्हा विचारायचं,’ बाईंनी समजाविले. आमच्याबरोबरचे वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, ‘म्हणजे आपला कौलच की हो!’ गोमंतकातील देवळांत देवाच्या अंगावर पाकळ्या लावून कौल घेताना ज्यांनी पाहिले आहे, उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची याकडे श्वास रोधून ज्यांनी डोळे लावले आहेत, त्यांस त्या बांबूच्या नळकांड्यात परके असे काय वाटणार?

खालच्या मजल्यावरील कुआन यिनची कथा तर याहून जवळची आहे. ही देवता मूळची चीनची नव्हे. ती आपल्याकडून गेली. महायान पंथातील अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व भिक्षूंबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर चीनमध्ये पोचला, आणि तेथे काही शतकांच्या ओघात पुरुषाची स्त्री झाली, करुणेची माता झाली. मुंबईपासून जवळच कान्हेरीच्या डोंगरात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तेथल्याच दुसऱ्या एका लेण्यात तो भक्तांना निरनिराळ्या संकटांतून तारतो असे शिल्प असून त्या संकटांत बुडणारे जहाजही आहे. कोकणच्या व्यापाऱ्यांनी समुद्रावर ज्याचा धावा केला, त्यालाच हजार-बाराशे वर्षांनी कँटनचे खलाशी आईच्या रूपाने माझगावच्या धक्क्यावर घेऊन आले. ही देवता मुंबईस परदेशी म्हणून आली नाही, माहेरी आली.

हा येण्याजाण्याचा मार्ग फार जुना आहे. ह्युएन त्संग सातव्या शतकात दक्षिणेत आला. त्याने ‘कोंकणपुर’ नावाच्या देशाचे वर्णन केले आहे. ते नगर कोठले याविषयी पंडितांत एकमत नाही. कोणी बनवासी म्हणतात, कोणी कोप्पळ, कोणी आनेगुंदी. ही तिन्ही ठिकाणे आमच्या हुबळीपासून एका दिवसाच्या प्रवासात येतात, एवढे नमूद करून हा वाद पंडितांवर सोडतो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त चीनांशुक फडकते, आपल्या स्वयंपाकघरांत लोणची मुरतात ती चिनी मातीच्या बरण्यांत. ज्या देशाचे नाव आपण रोज बरणीचे झाकण उघडताना घेतो, त्या देशाची माणसे आपल्यात राहात होती हे मात्र आपण विसरलो.

ती मुंबईस आली कशी? याचे उत्तर तितकेसे गोड नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचा चीनशी व्यापार वाढला. प्रथम कापूस आणि पुढे माळव्याची अफू येथून कँटनास जाई. तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी येत. या व्यापारात मुंबईच्या अनेक पेढ्या श्रीमंत झाल्या. सर जमशेटजी जिजीभाई तरुणपणी स्वतः चीनच्या सफरी करून आले आणि त्या व्यापारातून मिळविलेल्या संपत्तीतून त्यांनी मोठा दानधर्म केला. १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय माझगावपासून फार दूर नाही. त्या दानाची थोरवी कमी होत नाही. परंतु ज्या अफूने चीनमध्ये घरे बुडविली तिचा पैसाही त्या संपत्तीत होता, हे लिहून ठेवलेच पाहिजे. चीनने अफू रोखली म्हणून इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह लादला. हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली. तो तह ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या युद्धनौकेवर झाला. ती नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात बांधली होती. चीनच्या मानहानीचा कागद मुंबईच्या लाकडावर सही झाला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आमच्या धारवाड प्रांताचाही यात वाटा आहे. येथला कापूस घाटाखाली कुमठ्याच्या बंदरातून मुंबईस जाई, इतका की त्या कापसास ‘कुमठा’ हेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांचे पुष्कळ सूत चीनमध्ये खपे. त्या सुतात आमच्या काळ्या मातीचा धागा नसेल असे कोण म्हणेल?

अशा या वाहतुकीतून चिनी माणसे आली. जहाजांवरचे खलाशी व सुतार, गोदीतील कारागीर, मागाहून दातांचे वैद्य, जोडे करणारे, खाणावळवाले आणि पाठीवर गठ्ठा घेऊन गावोगाव हिंडणारे रेशमाचे फेरीवाले. काही आपखुशीने आलेच नाहीत. मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरी आणून ठेवले होते. १८३४ च्या सुमारास त्यांच्यासाठी तेथे तुरुंग झाला, तो १८६४ साली मोडण्यात आला. या कैद्यांनी तेथे भाजीपाल्याचे व बटाट्याचे मळे पिकविले. थंड हवेसाठी गेलेल्या साहेबलोकांच्या ताटातील भाजी बेड्या घातलेल्या हातांनी लावलेली होती.

उलट दिशेनेही कोणी गेले नाही असे नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले आणि जखमींची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे हे नाव घरोघर पोचले. फेरीवाल्या चिन्यावर महादेवी वर्मांनी हिंदीत शब्दचित्र लिहिले. त्यावरून मृणाल सेन यांनी १९५९ साली ‘नील आकाशेर नीचे’ हा बंगाली चित्रपट काढला. म्हणजे १९५९ सालापर्यंत तो गठ्ठेवाला आपल्या वाङ्मयात आणि आपल्या पायरीवर बसलेला होता. तीन वर्षांत तो शत्रू झाला.

येथे आम्हांस वकिलाची टोपी घातल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१९६२ चे युद्ध लादले गेले होते. बर्फात, अपुऱ्या कपड्यांनिशी लढून पडलेल्या जवानांचे स्मरण करूनच या विषयावर बोलावे. युद्धकाळी राज्यास असाधारण अधिकार लागतात, हेही आम्ही मान्य करतो. प्रश्न एवढाच की, ते अधिकार कोणावर चालविले गेले. ३० ऑक्टोबर १९६२ रोजी निघालेल्या अध्यादेशाने परकीयांचा कायदा भारताचे नागरिक असलेल्या कित्येक चिनी वंशीयांसही लागू झाला. संरक्षण कायद्याखाली जे स्थानबद्ध झाले, त्यांना अनुच्छेद २१ व २२ खालील हक्कांसाठी न्यायालयाकडे जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या ३ नोव्हेंबरच्या आदेशाने बंद झाली. पुढल्या वर्षी मखनसिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मानला, मात्र दुष्ट हेतूने किंवा कायद्याबाहेर जाऊन केलेल्या स्थानबद्धतेविरुद्ध दार किलकिले ठेवले. त्या दारातून आत येण्यास वकील लागतो, पैसा लागतो आणि बाहेर कोणी आपले माणूस लागते.

सुमारे तीन हजार माणसे, मुख्यतः आसाम, दार्जिलिंग आणि ईशान्येकडील मुलखातून उचलून, राजस्थानात देवली येथील छावणीत नेण्यात आली. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुले होती. हीच ती देवली, जेथे इंग्रजांनी १९४१ साली जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांस डांबले होते. १९६३ साली चीनने पाठविलेल्या जहाजांतून सुमारे दोन हजार चारशे लोक मद्रास बंदरातून गेले. त्यांतल्या पुष्कळांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. जे राहिले त्यांतील शेवटचे १९६७ साली सुटले. परतल्यावर कित्येकांची घरे व दुकाने लिलावात गेलेली होती. मुंबईतील चिन्यांच्या वाट्यास पोलीसचौकीची हजेरी आणि गाव सोडताना परवानगी घेण्याची सक्ती आली. ज्याची भाकरीच गावोगाव हिंडण्यावर अवलंबून, त्या फेरीवाल्यास अशी परवानगी मागत बसणे म्हणजे धंदा बंद करणेच होय. पुढे कित्येक कुटुंबे परदेशी निघून गेली आणि वस्ती विरळ होत गेली. आमच्या आजीचा धनको यांपैकी कोणत्या वाटेने गेला, हे आता कोण सांगणार?

या संबंधातील एक आदेश वाचताना आम्ही थबकलो. १४ जानेवारी १९६३ च्या आदेशाने सीमेलगतच्या काही भागांत राहण्यास ज्यांना मनाई झाली त्यांत अशी व्यक्ती होती, जी स्वतः, किंवा जिच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणीही एक, कधीही, भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाची प्रजा होती. हे शब्द आम्हांस ओळखीचे वाटले. आईबाप, आजीआजोबा... कोठे बरे वाचले? मग आठवले. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी, २८ मार्च १९६२ रोजी, गोवा, दमण व दीव यांच्या नागरिकत्वाचा आदेश निघाला होता. त्यात म्हटले होते की, जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती भारताची नागरिक झाली असे मानावे.

तीच शब्दयोजना, तीच तीन पिढ्यांची मोजणी! मार्चमध्ये तिने आपले दार उघडले, जानेवारीत दुसऱ्यांचे लावले. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यातील आपले सारे आप्त पोर्तुगालची प्रजा म्हणून गणले जात होते. हुबळी, बेळगाव, कारवार, मुंबई येथे स्थायिक झालेल्या आपल्या किती घरांत पणजी-मडगावला जन्मलेली आजी नव्हती? त्या डिसेंबरात दिल्लीतील एखाद्या कारकुनाने जानेवारीचा मसुदा आपल्यासाठी काढला असता, तर आपल्या आजीही पोलीसचौकीत हजेरी देत्या. तसे झाले नाही, कारण राज्याने आपल्यास आपले मानले. कायद्याची भाषा एकच असते. तिच्या मागे ‘आपला’ की ‘परका’ हे जे मन असते, ते फळ ठरविते.

म्हणून कायद्याने माणसाची कृती पाहावी, त्याच्या आजीचे जन्मगाव पाहू नये, असे आमचे मत आहे. हेरगिरी करणारा कोणत्याही रक्ताचा असो, त्यास शिक्षा करावी. परंतु रेशीम विकणाऱ्यास त्याच्या नाकाडोळ्यांवरून धरू नये. अमेरिकेने १९४२ साली सुमारे सव्वा लाख जपानी वंशीयांस असेच कोंडले. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली ते चालवून घेतले. परंतु १९८८ साली त्या देशाच्या संसदेने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. देवलीतून सुटलेल्यांपैकी काहीजण, आता वृद्ध होऊन, असाच एखादा शब्द आपल्या देशाकडून ऐकावा अशी इच्छा बाळगून आहेत. तो शब्द आपल्या संसदेतून अद्याप उच्चारला गेलेला नाही.

चिनी नागरिकांच्या मागे राहिलेल्या मिळकती मात्र कायद्याच्या कपाटात व्यवस्थित आहेत. शत्रुसंपत्तीचा कायदा १९६८ साली झाला, २०१७ साली तो अधिक कडक झाला. त्याखाली चिनी नागरिकांच्या सुमारे सव्वाशे मिळकती अभिरक्षकाकडे आहेत. अभिरक्षकाची कचेरी माझगावपासून जवळच, बॅलार्ड इस्टेटमध्ये स्थापन झाली. काटेकोर अर्थ लावावयाचा तर आमच्या देवघरातील पुरचुंडीही त्याच्याच हवाली करावी लागेल की काय, असा विनोदी विचार मनात आला. परंतु आजीने ती शत्रूची म्हणून ठेवली नव्हती.

आम्ही पुन्हा देवापुढे गेलो. देणे धनकोस किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस द्यावे, असा नियम आहे. प्रतिनिधी कोणी नव्हता. परंतु आपल्या कायद्यात देव ही एक व्यक्ती आहे. तिला मिळकत धारण करता येते, प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक घराण्याच्या खटल्यात देवाच्या इच्छेची वकिली करण्यास स्वतंत्र माणूस नेमावयास लावला. मग शब्द पाळणाऱ्या या सेनापतीस आपल्या एका माणसाच्या वतीने सात रुपये स्वीकारण्यास कोणती हरकत? आम्ही पुरचुंडी सोडली आणि त्या जुन्या नोटा दिव्याच्या तेलासाठी ठेवलेल्या पेटीत टाकल्या.

त्या बाई पाहात होत्या. आम्ही थोडक्यात हकीकत सांगितली. त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझे वडीलपण कापड विकायला जायचे. मिरज, बेळगाव... तिकडे.’ पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. साक्षीदारास केव्हा प्रश्न विचारू नये, एवढे इतक्या वर्षांच्या वकिलीत आम्हांस कळू लागले आहे. निघताना त्या म्हणाल्या, ‘न्यू इयरला या. तेव्हा गर्दी असते. आपलं देऊळ तेव्हा बघायला पाहिजे.’

आम्ही जिना उतरलो तो त्या एका शब्दाचा विचार करीत. मराठीत ‘आमचे’ आणि ‘आपले’ असे दोन शब्द आहेत. समोरच्यास वगळावयाचे असेल तर पहिला, सामावून घ्यावयाचे असेल तर दुसरा. पोर्तुगिजांच्या जुलमामुळे सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा रातोरात हलविली. नदीपलीकडच्या ज्या मुलखाने त्या देवांस जागा दिली, त्याने ‘आपले’ हाच शब्द वापरला असला पाहिजे. पुढे घाट चढून जे कन्नड मुलखात आले, त्यांसही कोणी तरी हाच शब्द दिला, म्हणून आज दुर्गदबैलात आमचे घर आहे. शतकापूर्वी देव आणि चार परगण्यांचे नाव एवढेच घेऊन माझगावी उतरलेल्या लोकांना तो शब्द आपण अर्ध्यावर काढून घेतला. आणि त्या बाईंनी तो आम्हांस, मागितल्यावाचून, परत दिला.

सोबतचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘अँटॉप हिलला त्यांचे कबरस्तान आहे. एप्रिलच्या सुरुवातीस तेथे जाऊन ते पितरांच्या थडग्यांपुढे अन्न ठेवतात.’ आमचे पितृपंधरवड्यातले पान भाद्रपदात, त्यांचे चैत्राच्या सुमारास. भेद काय तो एवढाच.

परत आल्यावर संध्याकाळी दुर्गदबैलात पाय मोकळे करावयास निघालो. गिरमिट आणि मिरचीभज्यांच्या गाड्यांशेजारी गोबी मंचुरीच्या गाडीवर पोरांची झुंबड होती. हा पदार्थ चीनमध्ये कोणास ठाऊक नाही. १९७५ साली मुंबईतील क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग नावाच्या चिनी वंशाच्या भारतीय आचाऱ्याने कोंबडीचे मंचुरियन प्रथम केले असे सांगतात. पुढे कोंबडीच्या जागी फुलकोबी आली आणि तो पदार्थ आमच्या कर्नाटकात इतका रुजला की, २०२४ साली राज्य शासनास त्यातील कृत्रिम रंगांवर बंदी घालावी लागली. चिनी माणूस गेला. त्याच्या नावाचा पदार्थ आमच्या दाराशी राहिला.

आमच्या मुलाने विचारले, ‘बाबा, आपल्या बाजारात खरा चिनी माणूस कधी आला होता का?’ आम्ही त्यास त्या पायरीजवळ नेले, जेथे सायकल टेकून गठ्ठा उघडला जाई, आणि सात रुपयांची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्याने विचारले, ‘त्यांचं नाव काय होतं?’

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आमच्या घरच्या देण्यापैकी सात रुपये तेवढे फिटले आहेत.